‘बाबा काय करतात?’ : मेडिकलच्या दारातला सगळ्यात महाग प्रश्न

नोकरीचा इंटरव्ह्यू फिसकटला तर दुसरी कंपनी मिळते. एमबीबीएसच्या सीटचं तसं नसतं. प्रवेशाच्या टेबलावर अन्याय झाला तर काय होतं, कोर्ट त्यावर काय म्हणतं आणि आज परिस्थिती किती बदलली, याचा हा मनीषनगरातून घेतलेला आढावा.

‘टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ...’ हे वाक्य ऐकलं नाही असा नोकरदार या शहरात शोधून सापडणार नाही. मिहानमधली आयटी कंपनी असो की धंतोलीतली बँक, सुरुवात इथूनच. आपणही इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ केलेलं उत्तर ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणून टाकतो. जमलं तर फुटाळ्यावर पार्टी. नाही जमलं तर दोन दिवस तोंड पाडायचं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीला सीव्ही पाठवायचा. सिंपल!

पण समजा, तो इंटरव्ह्यू नोकरीचा नाही, डॉक्टर होण्याचा आहे. समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची आहे. दोन वर्षं टीव्ही बंद, लग्नं बंद, मामाच्या गावाला जाणं बंद. आणि टेबलापलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न टाकला, ‘बाबा काय करतात?’

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. मला विचारा!

टोकन नंबर सतरा

गोष्ट २००७ ची. आम्ही तेव्हाही मनीषनगरातच राहायचो. रेल्वे फाटक पडलं की वीस मिनिटं गेली, हे गृहीत धरून घरातून निघायचे ते दिवस. बाबा सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक, आई घरी शिकवण्या घ्यायची. बारावीला मार्क छान पडले होते. राज्याच्या सीईटीत सरकारी सीट थोडक्यात हुकली. पण बाहेरगावच्या एका खासगी मेडिकल कॉलेजने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली होती, त्यात माझा नंबर चांगला लागला. ‘काउन्सेलिंग कम इंटरव्ह्यू’चं कॉल लेटर आलं तेव्हा आईने शेजारच्या चार फ्लॅटमध्ये पेढे वाटले.

रात्रभराचा रेल्वे प्रवास करून सकाळी आठला आम्ही गेटवर हजर. हातात सर्टिफिकेटांची फाइल, बाबांच्या आतल्या खिशात डिमांड ड्राफ्ट. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत छापलेली फी बाबांनी बँकेचं कर्ज आणि पीएफ मिळून कशीबशी जुळवली होती. मला टोकन मिळालं सतरा नंबरचं. टोकन गुणवत्ता यादीप्रमाणे होतं. म्हणजे माझ्या आधी सोळा, बाकी सगळे माझ्या मागे.

आत तिघे जण बसले होते. प्रश्न असे होते :

‘बाबा काय करतात?’

‘घर स्वतःचं की भाड्याचं?’

‘गावाकडे शेती किती?’

‘मुलगी आहेस, लग्न झाल्यावर प्रॅक्टिस करशील की सीट वाया घालवशील?’

बस्स. बायोलॉजी नाही, केमिस्ट्री नाही, ‘डॉक्टर का व्हायचंय’ हेसुद्धा नाही. तीन मिनिटंही लागली नसतील. मग बाबांना वेगळ्या खोलीत बोलावलं. ते पाच मिनिटांत परत आले. चेहरा असा की मी काही विचारलंच नाही. नंतर गाडीत सांगितलं, आत एका माणसाने कॅल्क्युलेटर पुढे सरकवून विचारलं होतं, ‘पुस्तिकेतली फी सोडून द्या. तुमचं बजेट बोला.’

दुपारनंतर एकोणतीस नंबरचा मुलगा वडिलांसोबत त्याच खोलीत गेला आणि हसत बाहेर आला. त्याचं झालं. आम्ही काउंटरवर यादी मागितली. ‘बोर्डावर लागेल.’ संध्याकाळी साडेसहापर्यंत बोर्डावर फक्त टाचण्या होत्या. बाबांनी लेखी अर्ज दिला. सतरा नंबरला का डावललं, कारण कळवा. क्लार्कने अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला तयार नाही. ‘साहेब गेले, शिक्का त्यांच्याकडे असतो.’ त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही.

मी पुढे मायक्रोबायोलॉजी केलं. आज औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासण्याचं काम करते, पगार चांगला आहे, कामही आवडतं. त्यामुळे ‘बिच्चारी’ वगैरे म्हणू नका प्लीज! पण एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझं नशीब खराब होतं, की असं करायला परवानगीच होती?

उत्तर शोधायला गेले आणि थक्क झाले. माझ्या इंटरव्ह्यूच्या सत्तावीस वर्षं आधीच सुप्रीम कोर्टाने या प्रश्नाचा निकाल लावून ठेवला होता!

श्रीनगरची तीन मिनिटं

केस मेडिकलची नाही, इंजिनीअरिंगची आहे. पण वाचताना मला माझंच टोकन दिसत होतं. श्रीनगरच्या रिजनल इंजिनीअरिंग कॉलेजात १९७९-८० च्या प्रवेशासाठी १०० मार्कांची लेखी परीक्षा होती आणि ५० मार्कांची तोंडी. म्हणजे एकूण मार्कांपैकी एक तृतीयांश मार्क इंटरव्ह्यूवाल्यांच्या हातात! लेखीत पुढे असलेली मुलं तोंडीत अशी आपटली की यादीतूनच बाहेर. उलट लेखीत मागे असलेले काही जण तोंडीच्या जोरावर आत. मुलं कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय होतं? इंटरव्ह्यू दोन ते तीन मिनिटांत आटोपला आणि विचारलं काय, तर आईवडील कोण आणि राहता कुठे!

‘अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब’ या नावाने गाजलेल्या या खटल्याचा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर १९८० मध्ये दिला. न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालातले मुद्दे आजही कुठल्याही एचआर मॅनेजरने फ्रेम करून लावावेत असे आहेत. इंटरव्ह्यू घ्यायला हरकत नाही, पण तोंडीला १५ टक्क्यांहून जास्त मार्क ठेवणं म्हणजे मनमानी. दोन-तीन मिनिटांत असंबद्ध प्रश्न विचारून मुलाची पारख होत नाही. आणि सगळ्यात भारी सूचना म्हणजे, इंटरव्ह्यू टेपरेकॉर्ड करा, म्हणजे आत काय झालं ते नंतर तपासता येईल. १९८० साली, हं! तेव्हा घरात टेपरेकॉर्डर असणं हीच चैन होती.

त्या मुलांचं पुढे काय झालं? दीड वर्ष उलटून गेल्यामुळे कोर्टाने झालेले प्रवेश रद्द केले नाहीत. पण सीट हुकलेल्यांपैकी सर्वोत्तम ५० जणांना १९८१-८२ मध्ये प्रवेश द्यायला कॉलेज आणि सरकार तयार झाले. उशिरा का होईना, मिळालं.

आपल्याकडचं ‘डोनेशन’

महाराष्ट्राची कथा थोडी वेगळी. १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी कॉलेजांना दार उघडलं गेलं. इंजिनीअरिंग, मेडिकल, सगळं धडाधड निघालं. चांगली बाजू अशी की गावागावांतली मुलं शिकली. वाईट बाजू म्हणजे ‘डोनेशन’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. तो थांबवायला राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. पैसे घेऊन सीट देणं तेव्हापासून गुन्हा आहे. तरी वीस वर्षांनी माझ्या बाबांसमोर कॅल्क्युलेटर आलाच ना!

कोर्टात रस्सीखेच चालूच होती. १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल, २००२ चा टी. एम. ए. पै निकाल आणि मग १२ ऑगस्ट २००५ ला थेट महाराष्ट्रातूनच गेलेला ‘पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. या शेवटच्या निकालाने विनाअनुदानित कॉलेजांवरचा सरकारी कोटा काढला, पण सोबत बजावलं की प्रवेश पारदर्शक हवा, गुणवत्तेवर हवा आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. कागदावर सगळं झकास. अडचण एकच होती. परीक्षा कॉलेजांची, यादी कॉलेजांची, टेबलही कॉलेजांचंच. खेळाडूच अंपायर!

इंटरव्ह्यूत खरंच काही कळतं?

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर व्हायला नुसते मार्क कशाला, माणूसही बघायला नको का? मुद्दा अगदी बरोबर. मलाही पेशंटकडे न बघता गोळ्या लिहिणारा टॉपर नको आहे. पण इंटरव्ह्यूतून माणूस दिसतो का, हा खरा प्रश्न.

टेक्सासचा किस्सा ऐका. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या मेडिकल स्कूलने नेहमीप्रमाणे इंटरव्ह्यू घेऊन १५० मुलं निवडली. मग राज्याच्या विधिमंडळाने ऐनवेळी ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर यादीतली वरची मुलं इतर कॉलेजांत निघून गेली होती. त्यामुळे इंटरव्ह्यूनंतर यादीच्या तळाशी टाकलेल्यांतून ५० जण घ्यावे लागले. पुढे अभ्यासकांनी दोन्ही गटांची तुलना केली. परीक्षा, वॉर्डातलं काम, मध्येच शिक्षण सोडणं, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही! १९८७ मध्ये हे संशोधन अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं.

मग माणसाऐवजी कॉम्प्युटर बसवला तर? आयटीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलने ऐंशीच्या दशकात इंटरव्ह्यूला कोणाला बोलवायचं हे ठरवायला एक प्रोग्राम वापरला. त्याला शिकवलं होतं जुन्या निवडींवरून. जुन्या निवडींतच भेदभाव होता, म्हणून प्रोग्रामही मुलींना आणि युरोपियन न वाटणाऱ्या नावांना मागे टाकू लागला. १९८८ मध्ये तिथल्या वंशसमानता आयोगाने संस्थेला दोषी धरलं. दरवर्षी सुमारे ६० जणांची इंटरव्ह्यूची संधी अशी गेली असावी, असा अंदाज निघाला. आज सीव्ही चाळायला एआय लावणाऱ्या कंपन्यांनी हे प्रकरण एकदा वाचाच.

आणि ‘लग्नानंतर काय’ हा प्रश्न फक्त आपल्याकडचा असं वाटत असेल, तर टोकियोला चला. टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटी प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क गुपचूप कमी करत होती, हे ऑगस्ट २०१८ मध्ये उघड झालं. प्रकार किमान २००६ पासून सुरू होता. कारण काय, तर मुली पुढे मूल झालं की नोकरी सोडतात! म्हणजे मी इथे ज्या प्रश्नाने चिडले, त्याच प्रश्नाने तिथे मुलींचे मार्क खाल्ले. तेही न विचारता.

यावर चांगला तोडगा निघाला कॅनडात. मॅकमास्टर विद्यापीठाने एका लांब इंटरव्ह्यूऐवजी छोट्या छोट्या मुलाखतींची साखळी आणली. प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा, प्रसंग वेगळा. एखाद्याला तुमचा चेहरा नाही आवडला तर एकाच टप्प्यावर फटका, बाकीचे टप्पे शाबूत. २००४ मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं आणि पुढे अनेक देशांतल्या कॉलेजांनी ही पद्धत उचलली.

आपल्या शेजारचं उदाहरणही कमी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली) नीट येण्यापूर्वी प्रवेशासाठी गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. आवडो न आवडो, पण मूल्यं तपासायची तर अशी. विषय आधी जाहीर, प्रश्न सगळ्यांना सारखे.

नीट आली, मग सगळं नीट झालं?

२०१६ पासून चित्र बदललं. देशभर नीट सक्तीची झाली आणि कॉलेजांच्या स्वतःच्या परीक्षा इतिहासजमा झाल्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अभिमत विद्यापीठांचं काउन्सेलिंगही केंद्राच्या यंत्रणेकडे दिलं. पदव्युत्तर मेडिकलच्या २०२३ च्या नियमांनी तर स्पष्टच सांगितलं, सगळ्या फेऱ्या ऑनलाइन आणि कुठलंही कॉलेज परस्पर प्रवेश देणार नाही. एमबीबीएससाठी इंटरव्ह्यू आता उरला तो प्रामुख्याने पुण्याच्या एएफएमसीत. तिथेही नीटचा स्कोअर आधी बघतात आणि टप्पे आधी जाहीर होतात. थोडक्यात, कॅल्क्युलेटरवाल्या खोलीला बऱ्यापैकी कुलूप लागलं.

पण ‘ऑल इज वेल’ म्हणायची घाई नको. २०२४ च्या नीटमधली पेपरफुटी आणि ग्रेस मार्कांचा गोंधळ आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. पुन्हा परीक्षा घ्यायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला, तरी मुलांचा तो उन्हाळा टेन्शनमध्येच गेला. आणि टेबलापलीकडची मनमानी संपली नाही, तिने फक्त जागा बदलली. कुठे? दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळात!

महाराष्ट्रातल्याच एका मुलाची ही केस. बोलण्याचं आणि भाषेचं दिव्यांगत्व, ४४-४५ टक्के. नीट पास झालेला. आता नियमाचा विनोद बघा. दिव्यांगांच्या राखीव जागेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं. पण तेव्हा या प्रकारात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर मेडिकलला अपात्र ठरवलं जायचं! म्हणजे कोटा होता, पण ज्याला मिळू शकत होता त्याला प्रवेश नव्हता. मंडळाने आकडा बघितला आणि दार बंद केलं. हा मुलगा शिकू शकेल का, हे कोणी विचारलंच नाही.

तो सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने त्याच्यासाठी एक जागा रिकामी ठेवली आणि दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या मंडळाकडून पुन्हा तपासणी करवली. त्यांनी सांगितलं, हा एमबीबीएस करू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवेशाचा आदेश झाला आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला सविस्तर निकाल. न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने म्हटलं की नुसत्या टक्केवारीवर कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. उमेदवार शिकू शकतो का, हे मंडळाने तपासायचं आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारणं लिहायची.

कारणं लिहायची. हे दोन शब्द वाचून मला बाबांचा तो पोच न मिळालेला अर्ज आठवला. सतरा वर्षांनी का होईना, कोणीतरी म्हणालं की नकाराचं कारण मागणं हा हट्ट नाही, हक्क आहे.

तुमच्या घरी कोणी तयारी करतंय?

भाचा, पुतणी, शेजारचं पोट्टं... मनीषनगरात दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एक तरी नीटवाला असतोच. त्याच्यासाठी ही चेकलिस्ट फ्रिजवर लावून ठेवा :

– माहितीपुस्तिका, नियम आणि गुणवत्ता यादीची छापील प्रत सोबत ठेवा. मोबाइलची बॅटरी दगा देते, कागद देत नाही.

– कागदपत्र पडताळणी असो की मेडिकल बोर्ड, हजेरीची सही कराच. वेळ लिहून ठेवा. ‘उमेदवार गैरहजर होता’ हा ठरलेला बचाव त्यानेच खोटा पडतो.

– जाहीर फीपेक्षा एक रुपयाही रोखीत नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पदव्युत्तर प्रवेशांबाबत सांगितलंय की खासगी आणि अभिमत संस्थांनी ट्यूशन, होस्टेल, डिपॉझिट, सगळे आकडे काउन्सेलिंगच्या आधीच जाहीर करावेत.

– तक्रार त्याच दिवशी, लेखी. काउंटरवर पोच देत नसतील तर तिथूनच ई-मेल करा. ई-मेलला शिक्का लागत नाही!

– महाराष्ट्रात दाद मागायच्या जागा तीन आहेत. राज्याचा सीईटी कक्ष, प्रवेश नियामक प्राधिकरण आणि फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण.

– आणि वेळ दवडू नका. डिसेंबर २०१९ च्या ‘कृष्णा श्रद्धा’ निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, गुणवत्ता असूनही, स्वतःची चूक नसताना, प्रवेश नाकारला गेला तर अपवाद म्हणून मुदतीनंतरही सीट देता येते, जागा वाढवूनसुद्धा. अट अशी की मुलाने ताबडतोब कोर्ट गाठलेलं हवं. आपल्याला तर हायकोर्टाचं खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्येच आहे. उज्ज्वलनगरहून मेट्रो पकडा की झालं.

आता थोडं आपल्याबद्दल. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. टीम लीड झालात, कॅम्पसला जाता, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेता. समोर घामेजलेल्या हातात फाइल धरून कोणीतरी बसलेलं असतं. त्याला कामाचं विचारा, चुकलेल्या प्रोजेक्टचं विचारा, हवं तर कोडं घाला. सगळ्यांना प्रश्न सारखे ठेवा आणि नाही म्हणायचं असेल तर एक ओळ कारण लिहून पाठवा.

फक्त बाबा काय करतात, ते विचारू नका. ते बाहेर बाकावर बसलेत आणि त्यांचा इंटरव्ह्यू नाहीये.